न पडणारी फळी

एक होतं रान. रान म्हटलं की राजा आलाच, राजा आला की भाषण आलंच, आणि भाषण आलं की टाळ्या वाजवायला आपण सगळे आहोतच. या रानाचा राजा होता रंगराव अस्वल. ते दर वर्षी निवडून यायचे, कारण समोर कोणी उभं राहिलं की रंगराव त्याला प्रेमाने मिठी मारायचे, आणि मिठी सुटल्यावर त्या उमेदवाराला प्रचाराला फिरता येत नसे.

रानाच्या वेशीवर एक डोह होता. अलीकडे हे रान, पलीकडे दुसरं. उन्हाळ्यात दोघांना मिळून जवळचं पाणी एवढंच. वाटून प्यावं असं तुम्हाआम्हाला वाटतं, कारण आपण जनावरं नाही. त्यांच्याकडे दर माघात सामना व्हायचा. दोन्हीकडून सहा-सहा जणांची फळी उतरायची. मैदानात एका वेळी एक आपला, एक त्यांचा. आपला दमला की 'बदली' म्हणायचं आणि दुसरा पाठवायचा. पडला किंवा पळाला तो बाद. ज्यांचे सहाही बाद झाले त्यांचा डोह वर्षभर गेला. निकाल लागेपर्यंत डोहाला काटेरी कुंपण, आणि निकालानंतर आठ दिवसांत दोन्ही रानांत निवडणूक. इतके सरळ नियम होते.

त्या वर्षी फळी निवडायला सभा भरली. गोदाक्का रानडुकरीण आपली सात पिलं घेऊन पुढेच बसली होती. तिने आयुष्यभर डोहाकाठच्या चिखलात लोळत हे सामने पाहिले होते, त्यामुळे तिला त्यातलं कळत होतं. सभेत हा दुर्गुणच म्हणायचा.

"राजे, त्यांच्याकडे साळिंदर आहे," ती म्हणाली. "त्याच्यावर धावून जाणारा पाठवू नका, लांबून दगड टाकणारं माकड घ्या. त्यांच्याकडे नाग आहे, म्हणून आपलं मुंगूस घ्या. आणि मार खायला एक कासव असू द्या. ते मार खातंय तोवर बाकीचे दम खातील. पंगतीत सगळेच जेवायला बसले तर वाढणार कोण?"

"अक्का, तुमच्या भावनांचा आम्ही आदर करतो," साळुंकी म्हणाली. साळुंकी म्हणजे रंगरावांची प्रवक्ती. ती आदर करायला लागली की विषय संपला, हे रानात सगळ्यांना ठाऊक होतं.

मग रंगराव उठले. "बंधू-भगिनींनो, आणि अंड्यांत असलेल्या भावी मतदारांनो. मार खाणारा घ्यायचा? आपल्या रक्तात मार खाणं नाही. आपण सहाही घेणार ते फाडणारे. आणि बदली म्हणजे माघार, म्हणून बदली बंद."

रान घोषणांनी दणाणून गेलं: "सहाच्या सहा, फाडतो पहा!"

बिबट्या, लांडगा, तरस, रानकुत्रा, रानमांजर, आणि सहावा रंगरावांचा भाचा. त्याने आजवर फक्त मधाचं पोळं फाडलं होतं.

पल्याडच्यांनी साळिंदर उतरवलं. ते पाठ करून बसलं. बिबट्या धावून गेला आणि नाकात काटे घेऊन आडवा झाला. मग लांडगा. मग तरस. दुपारपर्यंत पाच जण ओळीने पडले होते. तोवर साळिंदराला झोप लागली. भाचा म्हणाला, आता माझा डाव, आणि त्याने झोपलेल्या साळिंदराला कडकडून मिठी मारली.

"आपले सहाही वीर समोरून जखमी झाले," रंगराव संध्याकाळी म्हणाले. "एकाच्याही पाठीला काटा लागला नाही." या गोष्टीचा रानाला इतका अभिमान वाटला की रंगराव पुन्हा निवडून आले.

डोह गेला. पाण्यासाठी आता दोन कोस लांबच्या नाल्यावर जावं लागे. त्या वाटेवर वैशाखात गोदाक्काची दोन पिलं गेली. ती दिवसभर त्यांच्यापाशी बसून राहिली, उरलेली पाच पोटाशी घेऊन. तिला रडू आलं आणि रागही आला. ही पाच मी तहानेने मरू देणार नाही, असं तिने ठरवलं.

पुढच्या माघात पुन्हा सभा. गोदाक्काने पुन्हा तेच सांगितलं: थोडे मारणारे घ्या, थोडे सोसणारे घ्या.

रंगराव म्हणाले, "हल्ला ही परक्यांची शिकवण. सोसणं ही आपली परंपरा. गेल्या वर्षी कोणीतरी आपली दिशाभूल केली."

कोणी केली ते विचारायचं कोणाला सुचलं नाही. या वेळी निवडले गेले कासव, खवल्या मांजर, साळिंदर, खेकडा, घोरपड आणि गोगलगाय.

"अहो, यात मारणारा एक तरी आहे का?" गोदाक्काने विचारलं. "जिंकणार कसे?"

"अक्का, जिंकायचं कोणी म्हटलंय?" साळुंकी म्हणाली. "हरायचं नाही, एवढंच धोरण आहे."

पल्याडच्यांनीही गेल्या वर्षीचा विजय लक्षात ठेवून अशीच फळी आणली. पहिल्या दिवशी कासवासमोर कासव आलं. दोघांनी मान आत घेतली. आठवड्याने बदली झाली, कारण आता बदलीही परंपरेतच बसत होती, आणि खवल्यासमोर खवल्या अंग गुंडाळून पडला. साळुंकी झाडावरून सांगत होती, "घनघोर झुंज. कोणीही एक इंच मागे हटलेलं नाही." ते खरंच होतं, पुढेही कोणी आलेलं नव्हतं.

आठव्या दिवशी रंगरावांच्या ध्यानात आलं की निकाल नाही म्हणजे निवडणूक नाही. त्या दिवशी ते एकटेच हसताना दिसले. पल्याडचा राजा खंडेराव गवा, त्याच्याही ते ध्यानात आलं. दोघं रोज कुंपणाच्या आत जाऊन डोहातल्या पाण्याची पाहणी करू लागले. पाहणी करून आले की दोघांच्या हनुवट्या ओल्या असत. उन्हाळा वाढला तशा पाहण्याही वाढल्या.

चैत्रात नाला आटला. मैदानातले खेळाडू एकेक करून पाण्याच्या शोधात पसार झाले. दोन्हीकडची गोगलगाय तेवढी राहिली, कारण तिला पळता येत नव्हतं. साळुंकीने याला निष्ठा म्हटलं.

गोदाक्काच्या पिलांच्या जिभा कोरड्या पडल्या, तेव्हा ती सगळ्यांदेखत मैदानात शिरली. वाकून तिने आपल्या गोगलगायीच्या शंखात पाहिलं, मग त्यांच्या गोगलगायीच्या शंखात पाहिलं. आत काही नव्हतं. दोघी कधीच्या वाळून गेल्या होत्या. त्यांनाही कोणी पाणी दिलं नव्हतं.

"दोन्हीकडचं कोणी उरलेलं नाही," ती म्हणाली. "सामना संपला. कुंपण काढा, सगळ्यांनी पाणी प्या."

कोणी हललं नाही. तेव्हा तिने मुसंडी मारून स्वतःच कुंपण फोडलं आणि पाचही पिलांना पाण्यावर नेलं. पिलं पिऊ लागली. काठावर दोन्ही रानांतली जनावरं उभी होती, सगळी तहानलेली. एका चितळाने तर पाय पुढे टाकलाही होता.

"सामना चालू असताना पाणी पिणारी ही कोणाच्या बाजूची?" साळुंकीने वरून विचारलं.

चितळाने पाय मागे घेतला. जनावरांना ओरडायचं होतं, पण घसे सुकले होते, म्हणून त्यांनी दगड उचलले. गोदाक्का दगड आणि पिलं यांच्यामध्ये उभी राहिली. पाचव्या पिलाचं पोट भरेपर्यंत ती हलली नाही. मग रक्ताळलेल्या अंगाने, पाचांना पुढे घालून, ती डोहाच्या वरच्या अंगाला निघून गेली. कोणत्याच रानात ती परत आली नाही.

कुंपण दुरुस्त झालं. शंख वाऱ्याने कलंडू नयेत म्हणून दोन्हीकडे पहारा बसला. पाहणीहून येणाऱ्या रंगरावांना एका म्हाताऱ्या सशाने भीत भीत विचारलं, "राजे, पण आपला शंख तर रिकामा आहे."

रंगरावांनी हनुवटी पुसली. "रिकामा आहे," ते म्हणाले, "म्हणून तर विरोधकांना त्याला मारता येत नाही."