खैरदऱ्याची बारावी ओवी

खैरदऱ्याच्या चर्चमध्ये नाताळच्या आठवड्यात गव्हाण दिसत नाही. वेदीच्या खालच्या पायरीवर एक पाटी ठेवलेली असते. बांबूची, काठाला तार गुंडाळलेली, बुडाला सुकलेली माती चिकटलेली. तिच्यात मूठभर कडबा आणि कडब्यावर बाळ. नगर जिल्ह्याच्या पूर्वेच्या डोंगरात आमचं हे लहानसं गाव आहे. वाट वाकडी करून येणारे पाहुणे ती पाटी बघतात, फोटो काढतात आणि मग जरा संकोचून विचारतात, "गव्हाण नाही मिळाली का?"

चर्चची किल्ली शमुवेलतात्या दुशिंग यांच्याकडे असते. त्यांनी तीस वर्षं एसटीत कंडक्टर म्हणून काढली आहेत, त्यामुळे प्रश्न कोणताही असो, ते घाईने उत्तर देत नाहीत.

"मिळते की. नगरच्या बाजारात पाहिजे तेवढ्या मिळतात, रंगवलेल्या. पण आमच्या बाळाला पाटीची सवय लागलीय."

मग ते पाहुण्यांना बाहेर ओट्यावर नेतात. तिथे जमिनीत अर्धं रुतलेलं एक जुनं जातं आहे. त्याच्याशेजारी बसून ते सांगतात ती गोष्ट आम्ही सगळ्यांनी लहानपणापासून ऐकली आहे. तात्या ती आपली म्हणून सांगत नाहीत. प्रत्येक वळणावर 'म्हणे' म्हणतात, कारण त्यांनाही ती कोणीतरी अशीच सांगितली होती.

फार जुना काळ. एका मोठ्या दुष्काळाच्या आधीची दोन-तीन वर्षं. कोणता दुष्काळ ते नक्की नाही. कोणी संवत छप्पन्नचा म्हणतात, कोणी त्याच्याही आधीचा. खैरदऱ्यात तेव्हा सतरा घरं होती आणि सतराही नुकती ख्रिस्ती झालेली. कोणाला वाचता येत नव्हतं. उपदेशक वर्षातून दोनदा घोड्यावरून येई, चार दिवस राही आणि जाई. पण गावात राहेल नावाची एक विधवा बाई होती. तिने उपदेशकाकडून येशूच्या जन्माची गोष्ट एकदा ऐकली आणि जात्यावर बसून तिच्या सतरा ओव्या केल्या, असं सांगतात. देवदूत मरीयेला भेटला तिथून सुरुवात आणि बाळाला बघायला पूर्वेकडून आलेले ज्ञानी, म्हणजे मागी लोक, दुसऱ्या वाटेने घरी गेले तिथे शेवट. पहाटे एका घरात जातं फिरू लागलं की शेजारच्या घरातून पुढची ओवी यायची. गावाला नाताळ कळला तो असा, दळता दळता.

मग पाऊस गेला. पुढच्या वर्षीही आला नाही. विहिरी तळाला लागल्या, गुरं सोडून द्यावी लागली. दूर कुठे तलावाचं दुष्काळी काम निघालं होतं, कुठे सडकेचं. कोणी रेल्वेच्या कामावर जायचं ठरवलं, कोणी वऱ्हाडात कापसाकडे. सगळी घरं एकाच दिवशी निघणार होती आणि प्रत्येकाची वाट वेगळी होती.

जायच्या आदल्या दिवशी दुपारी सगळे प्रार्थनेच्या खोलीपुढे जमले. जो तो म्हणत होता, पाऊस पडला की आपण परत येऊ. राहेल ऐकत होती. तिचा त्यावर विश्वास नव्हता, असं तात्या सांगतात. माणसं खोटं बोलत होती असं नाही. पण जिथे भाकरी मिळते तिथे मुळं धरतात, हे तिला ठाऊक होतं. सतरा घरं सतरा ठिकाणी रुजली की गाव संपलं आणि गावासोबत हा नवा, कोवळा विश्वासही संपला.

ती म्हणाली, "ओव्या आजवर सगळ्यांच्या होत्या. उद्यापासून एका घराला एकच. ज्याची त्याने म्हणायची, दुसऱ्याची तोंडात आणायची नाही. पुरी गोष्ट ऐकायची असेल त्याने नाताळाला इथं यायचं."

थोमा बोर्डे म्हणाला, "आणि मला कोणती?"

"तुला गाढवाची."

लोक हसले. त्या दिवसांत गावात कोणी हसलं ते तेवढंच, म्हणे. बोर्डेंच्या घराला आजही गाढवाचं घर म्हणतात आणि त्या घरी मुलगी देताना सोयरे मुद्दाम विचारतात, वजन किती उचलणार.

मग एकेका घराच्या कर्त्या बाईने पुढे येऊन जात्याचा खुंटा धरला, शब्द बदलणार नाही असं कबूल केलं आणि आपली ओवी घेतली. पहिली राहेलने स्वतःकडे ठेवली. बारावी, म्हणजे बाळ जन्मतं आणि गव्हाणीत निजतं ती, तिने तबीथा नावाच्या तरुण बाईला दिली. तबीथा आणि तिचा नवरा लाजरस यांचं घर सगळ्यांत नवं होतं. तिला सातवा महिना होता. काहींना ते आवडलं नाही. सगळ्या गोष्टीचा गाभा असा अल्लड पोरीच्या हाती का द्यायचा, असं ते पुटपुटले. राहेलने कारण सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी गाव रिकामं झालं. राहेल एकटी मागे राहिली, खोलीचं छप्पर आणि जातं सांभाळायला. ती कशी जगली ते कोणी नक्की सांगत नाही. डोंगरातली कंदमुळं खाऊन, असं काही म्हणतात. काही म्हणतात, पलीकडच्या वाडीवरचे धनगर तिच्या दारात ताकाचं गाडगं ठेवून जात.

त्या वर्षी नाताळाला दोन घरं आली. एकाची ओवी तिसरी होती, एकाची नववी. राहेलने पहिली म्हटली, त्यांनी आपापली म्हटली. मरीया वाटेला लागली आणि लगेच बेथलेहेम लांबून दिसतं तिथे थांबली. मधलं काही नाही, पुढचं काही नाही. तरी दोन्ही घरं पुढच्या वर्षी यायचं कबूल करून पांगली. दुसऱ्या वर्षी नऊ घरं आली. तिसऱ्या वर्षी मृग वेळेवर लागला, शेतं पिकली आणि नाताळाच्या दिवशी खैरदऱ्यात सोळा घरांच्या चुली पेटल्या. काही जण तीन-तीन दिवस चालून आले होते. मोठ्या हंड्यात कण्या रटरटत होत्या. ओव्या झाल्या की जेवायचं, असं ठरलेलं.

सतरावं घर आलं नव्हतं. लाजरस आणि तबीथाचं.

सकाळची उन्हं अंगणात आली तशी सुरुवात झाली. घरामागून घर उभं राहिलं. देवदूत आला, योसेफाचं मन शांत झालं, गाढवावर ओझं चढलं. अकरावी ओवी त्रिभुवनांच्या घरची. ती गाव अजूनही त्याच चालीवर म्हणतं:

दिस मावळला बाई, बेथलेहेमाच्या वेशीला
मरीया टेकली अंग, परक्याच्या भिंतीला

आणि तिथे गोष्ट थांबली.

बारावी कोणाला येत नव्हती असं नाही. दुष्काळाआधी साऱ्यांनी ती शंभरदा म्हटली होती. सोळा घरांच्या जिभेवर ती होती. एका पोरीने सुरुवात केलीसुद्धा, तर तिच्या आईने तिच्या तोंडावर हात ठेवला. लोक राहेलकडे बघू लागले.

एलिया मास्तर नावाचा एक तरुण उपदेशक त्या वर्षी गावात येऊन राहिला होता. तो वचनाला बांधलेला नव्हता. तो भला माणूस होता, हे सांगायला तात्या विसरत नाहीत. तो म्हणाला, "राहेलआई, तुम्हीच रचली. तुम्ही म्हणा. लेकरं उपाशी आहेत."

"ती लाजरसच्या घरची आहे."

"प्रभूचा जन्म एका घराच्या मालकीचा नाही."

"नाही," राहेल म्हणाली. "पुस्तकातला जन्म तुम्ही रोज वाचा, मास्तर. मी रोज ऐकीन. पण ही ओवी मी म्हटली, तर त्याचा अर्थ आम्ही सोळा जणांनी ठरवलं, की ते घर आता येणार नाही. ते मी आज ठरवणार नाही."

"आणि ते आलेच नाहीत तर?"

राहेलने जात्याच्या खुंट्याला हात घातला आणि दाणे न घालताच जातं फिरवत बसली. म्हणजे चाल चालू राहिली, शब्द नव्हते. दुपार झाली. पोरं हंड्याभोवती बसून पेंगू लागली. काही पुरुष रागावले. तीन दिवस चालून आलो ते हे बघायला का, असं उघड म्हणू लागले. दोन घरांनी तर बोचकी बांधायला घेतली. राहेलने ज्यासाठी तीन वर्षं काढली होती ते तिच्या डोळ्यांसमोर, तिच्याच हट्टाने, उसवू लागलं होतं. तिला ते दिसत होतं. तरी जातं थांबलं नाही.

दिवस कासराभर उरला असताना घाटाकडून एक बाई वर आली. डोक्यावर पाटी, हातांना घट्टे, नेसणं मातीने भरलेलं. खाली घाटात नवी सडक निघत होती आणि वडारांचं एक बिऱ्हाड तिथे खडी फोडत होतं. त्यांतली ती. तिचं नाव दुर्गव्वा, असं सांगतात. ती अंगणाच्या कडेला उभी राहिली. तिला कोणी ओळखत नव्हतं आणि तीही कोणाला ओळखत नव्हती.

"सकाळपासून ऐकतेय खाली, काम सुटलं तशी आले," ती म्हणाली. "बाई भिंतीला टेकली तिथंच थांबलात. पुढची का म्हणत नाही?"

राहेलने जातं थांबवलं. "तुला कुठली पुढची माहीत?"

मग दुर्गव्वाने सांगितलं. तलावाच्या कामावर तिच्याशेजारी एक जोडपं होतं. बाई पोटुशी, मातीच्या खेपा करता करता हीच चाल गुणगुणायची. एकच ओवी, पुन्हा पुन्हा. तिथेच तिला बाळ झालं. ठेवायला जागा नव्हती, म्हणून दुर्गव्वाने आपली पाटी रिकामी करून दिली. मग कामावर पटकी आली. आधी नवरा गेला. नंतर बाई.

"आणि लेकरू?" कोणीतरी विचारलं.

"पाच दिवस होतं."

दुर्गव्वा पुढे म्हणाली, "मरायच्या आधी तिनं मला पाटीचा काठ धरायला लावला आणि ओवी दिली. म्हणाली, ही माझी नाही, गावाची ठेव आहे, पोचती कर. गावाचं नाव घेईतो तिची वाचा गेली. तवापासून जिथं काम निघेल तिथं मी चालीवर कान ठेवून आहे."

राहेल तिला म्हणाली, "म्हण."

दुर्गव्वाला गाणं येत नव्हतं. खडी फोडणाऱ्यांचा आवाज जसा असतो तसा तिचा आवाज होता, जाड आणि कोरडा. तिने म्हटली ती अशी:

देवबाळ निजविलं, मातीच्या ग पाटीत
अर्धा पदर खाली, अर्धा माऊलीच्या ओटीत

अंगणात कुजबुज झाली. ओवी बदलली होती. गव्हाण होती तिथे पाटी आली होती आणि दुसरी ओळ तर सगळीच नवी होती. एक शब्द इकडचा तिकडे करायचा नाही, असं सगळ्यांनी खुंटा धरून कबूल केलेलं. एलिया मास्तर हळू आवाजात म्हणाला, "आई, शास्त्रात गव्हाण आहे."

"आहे," राहेल म्हणाली. "मी ओवी केली तेव्हा माझ्या दारात गव्हाण होती. तबीथाच्या समोर पाटी होती. तिनं तिच्या बाळाला जिथं ठेवलं, तिथंच देवाच्या बाळाला ठेवलं. यात खोटं काय आहे ते सांगा, मी दुरुस्त करते."

मास्तर स्वतःच पुढे झाला म्हणे, दुर्गव्वाच्या डोक्यावरची पाटी उतरवून घेतली आणि जात्यावर ठेवली. कोणीतरी तिच्यात कडबा अंथरला. तेराव्या घराची बाई उभी राहिली. मेंढपाळ जागे झाले आणि सूर्य टेकायच्या आत मागी लोक आपल्या वाटेला लागले. पानं मांडली तेव्हा दुर्गव्वा लांब बसायला लागली. राहेलने सरकून आपल्या शेजारी जागा केली.

सडकेचं काम पुढे सरकलं तसं ते बिऱ्हाडही जायला निघालं. गावाने दुर्गव्वाला विनवलं, ओवी कोणातरी घराला देऊन जा. तिने राहेलकडे पाहिलं. राहेल म्हणाली, "नको. ही बाहेरून आली, बाहेरूनच येऊ दे." पाटी मात्र दुर्गव्वाने नेली. तिची रोजी त्या पाटीवर होती.

म्हणून चर्चमधली पाटी गावाची नसते. दर वर्षी जिथे कुठे काम चालू असेल तिथून वापरातली मागून आणतात आणि नाताळ झाला की परत करतात. सोळा घरांच्या ओव्या सोळा घरांत आहेत. घरं आता पुण्यात आहेत, भिवंडीत आहेत, एक सुरतेला आहे. नाताळाला मात्र एकेक माणूस तरी येतंच. आम्ही काही जण शिकून परत आलो तेव्हा मोठ्या उत्साहाने ठरवलं होतं, की सगळ्या ओव्या रेकॉर्ड करून ठेवायच्या, म्हणजे काही हरवणार नाही. तात्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "ठेवा की. पण मग सुरतेहून कोण येईल?" आम्ही यंत्र बाजूला ठेवलं. ते बरोबर केलं असं मला अजूनही मनापासून वाटतं.

आजही बारावी ओवी गावातलं कोणी म्हणत नाही. शब्द पोराठोरांना पाठ आहेत. ते पाहुण्याला शिकवतात, पण स्वतः म्हणत नाहीत. ती म्हणायला बाहेरचंच माणूस लागतं, कोणत्याही जातीचं, कोणत्याही धर्माचं. कधी ऊसतोडीला आलेली बाई म्हणते, कधी शाळेत बदलून आलेले गुरुजी. एका वर्षी एसटीच्या ड्रायव्हरने गाडी उभी करून म्हटली होती. माणूस मिळेपर्यंत गाव थांबतं, कण्यांचा हंडा चुलीवर तसाच राहतो. यंदा एकवीस डिसेंबर उजाडला तरी कोणी मिळालेलं नाही.

गोष्ट संपली की तात्या उठतात, धोतर झटकतात. आज त्यांच्यासमोर औरंगाबादकडचं एक जोडपं बसलं होतं, देवगडला जाता जाता वाट चुकून आलेलं. तात्यांनी त्या बाईंना विचारलं, "ताई, पंचवीस तारखेला कुठं असता तुम्ही?"

"घरीच. पण मला गाता येत नाही."

"ते आम्ही विचारलं नाही."

बाईंनी नवऱ्याकडे पाहिलं, मग पुन्हा तात्यांकडे. "दोनच ओळी आहेत ना?"

"दोनच," तात्या म्हणाले. "पण त्या झाल्याशिवाय आम्हाला पुढं जाता येत नाही."