बिनचेंडूचा डाव

लिहिणाऱ्याची शाळा लवकर सुटली. शुद्धलेखन चुकेल, शब्दही साधेच आहेत. सांभाळून घ्यावं.

"मग उद्या मी खेळणार की नाही, मास्तर?"

रणधीरने पुन्हा विचारलं. इनास मास्तर बुटातली वाळू झटकत बसले होते.

समुद्राला लागून असलेलं ते गोल्फचं मैदान. झाड नाही, आडोसा नाही. वाळूच्या टेकड्या, बुटकं गवत, चेंडू घालायच्या प्रत्येक खळग्यापाशी, म्हणजे होलपाशी, एक झेंडा आणि सतत वारा. उद्या तिथे मोठी स्पर्धा होती, आणि मास्तरांच्या शिष्यांपैकी एकालाच जागा होती. ज्याला खेळवायचं, त्याच्या हातात मास्तर सकाळी पहिला चेंडू ठेवत. तीच तिथली रीत.

रणधीर कोल्हापूरकडचा. तिकडे झाडीत खेळताना आपला नेम कधी चुकला नाही, असं तो सांगायचा. इथे चुकला की वाऱ्याला शिव्या घालायचा.

"चल, एक डाव खेळू," मास्तर उठत म्हणाले.

रणधीरने खिशातून चेंडू काढला.

"तो राहू दे."

"चेंडूशिवाय?"

"हो. मारायचं, चालायचं. कुठे पडला ते ज्याचं त्याने सांगायचं."

दिवस कलला होता. पाण्यावरून खारं धुकं वर चढत होतं.

रणधीरने झोकात काठी फिरवली. "झेंड्यापाशी," तो म्हणाला.

मग मास्तरांनी मारलं. डोळ्यांवर हात धरून ते बराच वेळ पाहत राहिले...

"माझा वाळूत गेला."

आणि खरोखरच ते वाळूच्या खड्ड्यात उतरले. एकदा मारलं, मान हलवली, पुन्हा मारलं.

"मास्तर, चेंडूच नाही. मग वाळूत कसा जाईल?"

"वारा होता ना."

रणधीर हसला. पुढच्या होललाही त्याचा चेंडू झेंड्यापाशीच पडला. त्याच्या पुढच्यालाही. मास्तरांचा एकदा मैदानाच्या कडेच्या केवड्याच्या झुडपात शिरला. ते काठीने पानं बाजूला करत शोधत राहिले. काटा लागला तेव्हा "आई गं" म्हणाले. चेंडू मिळाला तेव्हा पोरासारखे खूश झाले.

"मी जिंकतोय, मास्तर."

"दिसतंय."

झेंडे धुक्यात विरत गेले. चालता चालता रणधीरला वाटू लागलं, मास्तरांचा चेंडू आपल्यालाही दिसतोय. पांढरा ठिपका, वाऱ्यावर हळूच कलणारा...

स्वतःचा मात्र कुठेच दिसेना.

शेवटच्या होलला त्याने काठी उचलली आणि तशीच खाली टेकवली.

"मास्तर..."

"हं."

"माझा पहिलाच समुद्रात गेला होता. मारला तेव्हाच कळलं होतं मला."

"मलाही," मास्तर म्हणाले. "पाण्यात पडल्याचा आवाज आला."

दोघे परत निघाले. उद्याचं विचारणं रणधीरच्या ओठांवर आलं होतं. त्याने ते तसंच गिळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो सगळ्यांच्या आधी मैदानावर येऊन उभा राहिला. हात रिकामे. वारा तोच.

मास्तर किनाऱ्याकडून वर येत होते. विजार गुडघ्यापर्यंत भिजलेली. जवळ आले आणि त्यांनी रणधीरच्या तळहातावर एक चेंडू ठेवला. ओला, गार, वाळू चिकटलेला.

रणधीर तो सदऱ्याला पुसू लागला.

"राहू दे," मास्तर म्हणाले. "रात्रभर पोहून आलाय."