पळी आणि वात

डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं आणि तिथली माणसं निरोप देण्यात फार पटाईत होती. कुणी जरा जास्त आजारी पडलं, की औषध शोधायच्या आधी गंगाजल शोधायची. तुळशीचं पान, पळीभर पाणी, उतरलेले चेहरे. तयारी कशी चोख!

त्याच गावातल्या एका मुलीनं हॅमस्टर पाळला होता. मूठभर, गुबगुबीत, शेपूट नावापुरतं. दाणे गालांत कोंबून ठेवायचा म्हणून त्याचं नाव गाल्या. आजोबा मात्र त्याला उंदीरच म्हणायचे.

एकदा गाल्याचं पोट बिघडलं. तो पिंजऱ्यातल्या चाकावर चढेना, खाईना, मग डोळेही उघडेना. मुलीनं त्याला डब्यात घालून जनावरांच्या डॉक्टरांकडे नेलं.

"अंगातलं पाणी संपत चाललंय," डॉक्टर म्हणाले. "हे औषधाचं पाणी पोटात गेलं तर जगेल. पण तोंडात ओतू नकोस, गुदमरेल. त्यानं स्वतः चाटायला हवं."

घरी येऊन तिनं बाटली लावली, वाटी धरली, चमचा पुढे केला. गाल्या तोंड उघडेना. तिनं त्याला लोकरीच्या टोपीत गुंडाळलं आणि मांडीवर घेऊन बसली.

तेवढ्यात आजोबा हात झटकत आले. "लिंबाच्या झाडाखाली खड्डा खणून ठेवलाय गं. तुझी तेवढीच धावपळ वाचेल."

"तो जिवंत आहे, आजोबा."

"आहे गं, पण किती वेळ?"

"मघाशी मी याच्यासाठी गरम पाण्याची पिशवी आणायला सांगितली, तर म्हणालात कंबर धरलीय. खड्डा खणताना बरी सुटली!"

आजोबा खाकरले आणि खिडकीबाहेर बघू लागले. मागून आत्या आली. एका हातात पळी, दुसऱ्या हातात तुळशीचं पान.

"बाजूला हो. शेवटचं पाणी घालते. तहानलेला जीव जायला नको."

"आत्या, त्याला जायचंच नाहीये! आणि ओतू नकोस!"

आत्यानं पळी पुढे केली, मुलीनं मागे लोटली. त्या ओढाताणीत पाणी सांडलं आणि पळीच्या काठावरचा एक थेंब गाल्याच्या मिशीवर पडला. गुलाबी, तांदळाच्या दाण्याएवढी जीभ बाहेर आली. थेंब चाटून आत गेली.

आत्यानं डोळ्यांना पदर लावला. "बघ, शेवटचं पाणी गोड लागलं गं त्याला."

"शेवटचं कसलं? पहिलं म्हण, पहिलं!" मुलगी ओरडली. "त्याला थेंबच हवा होता. दे तुझ्या वाती इकडे."

"देवाच्या आहेत त्या!"

"देव एक दिवस अंधारात बसेल. त्याची तक्रार आली तर माझ्याकडे पाठव."

तिनं कापसाची वात औषधाच्या पाण्यात बुडवली आणि गाल्याच्या ओठाला टेकवली. जीभ बाहेर आली. पुन्हा बुडवली, पुन्हा टेकवली. कधी गाल्या तोंड फिरवायचा. मग ती थांबायची, त्याला ऊब द्यायची आणि पुन्हा वात उचलायची. तिचं जेवण गार झालं, मान आखडली. शेजारणी दारातून डोकावून म्हणाल्या, "उंदरासाठी एवढं?" तिनं वरही बघितलं नाही.

वाती भिजून विसकटू लागल्या. तेव्हा आत्या मुकाट्यानं कापूस घेऊन समोर बसली आणि केसासारख्या बारीक वाती वळू लागली. "जाड वात मावायची कशी त्याच्या तोंडात," ती भिंतीला सांगितल्यासारखं म्हणाली.

दुसऱ्या दिवशी गाल्यानं दोन्ही पंजांनी वात धरली, हिसकावली आणि थेट गालात कोंबली.

"अरे चोरा!" मुलीनं वात ओढून काढली आणि मग त्याला छातीशी धरून रडली. आदल्या दिवसापासून पहिल्यांदाच.

आजोबा खड्ड्याशी उभे राहून डोकं खाजवत होते. "आता याचं काय करू?"

"भोपळा लावा," ती म्हणाली. "बिया गाल्याला आवडतात."

भोपळ्याचा वेल मांडवावर चढला, तेव्हा आत्याच तापानं फणफणली. जुलाब झाले, डोळे खोल गेले. लगेच शेजारणी जमल्या. एकीनं पळी भरली, दुसरीनं तुळशीचं पान खुडलं, तिसरीनं सुस्कारा सोडला.

आत्यानं एक डोळा उघडला. "पळी ठेव खाली. माझ्या भाचीला बोलव."

मुलगी या वेळी माणसांच्या डॉक्टरांना घेऊन आली. औषध दिलं, मीठ-साखरेचं पाणी केलं आणि चमच्याचमच्यानं पाजायला बसली.

"आणि हे पान?" तुळस हातात धरलेली शेजारीण बिचारी विचारत राहिली.

"आण इकडे," मुलगी म्हणाली. "चहात घालते."

तात्पर्य: जीभ पाणी मागतेय तोवर ते जगण्यासाठीच पाजावं, निरोपाची कसली आलीय घाई?