नदीपलीकडची भाकर

भाकर मोडल्याचा तो कोरडा आवाज मला अजून ऐकू येतो. त्याच्यामागोमाग वेदीशी मदतीला असणाऱ्या डीकन वितालिसचा प्रश्न आला होता.

“हा तुकडा कुणासाठी?”

“युस्तुससाठी,” बाबा म्हणाले.

ही रोममधली गोष्ट. तेव्हा मी चर्चचं दार सांभाळत असे. शहराच्या बिशपना, म्हणजे पोपना, आम्ही बाबाच म्हणायचो. दर रविवारी ते वेदीवरची भाकर मोडत आणि शहरातल्या प्रत्येक धर्मगुरूला एकेक तुकडा फडक्यात बांधून पाठवत. तुकडा आला, की तो आपला. नाही आला, तर त्याला तोडलं असं समजायचं.

वितालिसने युस्तुसच्या फडक्यावर हात ठेवला.

“त्यांना नका पाठवू.”

कारण आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. बादशहाने ख्रिस्ती लोकांचा छळ मांडला, त्या दिवसांत एका विधवेने भीतीपोटी मूर्तीपुढे धूप टाकला होता. अशांना मंडळीत परत घ्यायचा अधिकार फक्त बाबांचा. ते घेईपर्यंत दाराबाहेर उभं राहायचं. ती दोन वर्षं माझ्या दाराशी उभी राहिली. गेल्या आठवड्यात ती मरणाला टेकली, तेव्हा नदीपलीकडचे म्हातारे धर्मगुरू युस्तुस यांनी कुणाच्या परवानगीविना तिच्या तोंडात वेदीवरची भाकर घातली, म्हणजे तिला मंडळीत परत घेतलं.

ती वितालिसची आई होती.

त्याच दिवसांत वितालिस तुरुंगात होता आणि वाकला नव्हता. त्याच्या घोट्यांवर बेड्यांचे वण होते. बायका त्या वणांना हात लावून पाया पडत. आत जाताना तो आईकडे बघत नसे. ती मला हळूच विचारायची, जेवला का तो... मी हो म्हणायचो.

बाबांनी त्याचा हात बाजूला केला नाही. युस्तुस आता थकलाय, त्याला पूल ओलांडवत नाही, असं काहीबाही ते बोलत राहिले. वितालिस म्हणाला, प्रश्न त्यांच्या वयाचा नाही, तुम्ही बसता त्या, पहिल्या बिशप पेत्राच्या आसनाचा आहे. त्या आसनाला न विचारता जो तो क्षमा वाटू लागला, तर ते नुसतं लाकूड उरेल.

“लाकूडच आहे ते, बाळा. एक पाय डुगडुगतो.”

वितालिस हसला नाही.

“तुम्हाला अधिकार आहे की नाही, एवढंच सांगा.”

“आहे.”

“मग वापरा.”



“तिला परत घ्यायचं का, असं युस्तुसने मला विचारलं होतं,” बाबा म्हणाले. “तीन वेळा माणूस पाठवला. सगळे बिशप जमतील तेव्हा बघू, असं मी म्हणत राहिलो...”

वितालिसचा हात फडक्यावरून सरकला.

बाबांनी स्वतःसाठी ठेवलेला तुकडा उचलला आणि युस्तुसच्या तुकड्याशेजारी ठेवला.

“कुणाला तोडायचंच असेल, तर आज मला.”

“म्हणजे शिक्षा कुणालाच नाही?”

“तिला झाली ना.”

भाकर पोचवणारे बाहेर थांबले होते. बाबांनी त्यांना हाक मारली नाही. त्यांनी स्वतःच फडक्याला गाठ मारली. दोनदा गाठ सुटली. पुरचुंडी त्यांनी वितालिसपुढे धरली.

“तू जा,” ते म्हणाले. “शेवटी ती काय बोलली, मला ठाऊक नाही. युस्तुसला ठाऊक आहे.”

वितालिसने पुरचुंडी घेतली. मी दार उघडलं. तो पायऱ्या उतरून पुलाच्या दिशेने गेला.