डावीकडे, जरा खाली

“जिंकत आलेला दावा कुणी सोडतं का, बाबा? तुम्हीच सांगा याला!”

निरगुडकर वकील काळ्या कोटासकट दर्ग्याच्या पायरीवर बसले. तालुक्याचं कोर्ट समोरच, रस्त्यापलीकडे. तिथे जेवणाची सुट्टी झाली होती. मागे त्यांचा पक्षकार केरबा टोपी चुरगाळत उभा होता.

दर्ग्यात राहणाऱ्या लतीफबाबांनी केरबाकडे पाहिलं. “काय झालं रे?”

“बांधाचा दावा हाय, बाबा. थोरल्या भावासंगं. नऊ वर्सं बोलणं न्हाई. आज राणबादादा कोर्टात म्हणाला, तडजोड करू, आन् पोरीच्या लग्नाला ये. मी हो म्हणायच्या आत हे वकीलसायेब उठलं... म्हणालं, तडजोड नामंजूर.”

“मग! भावानं तीन हात सरकवलाय बांध,” वकील म्हणाले. “मोजणीचा नकाशा आहे माझ्याकडे. याला काय कळतंय?”

वकील हुशार होते, याबद्दल तालुक्यात कुणाला शंका नव्हती. वकिलांना तर मुळीच नव्हती.

बाबांनी सदरा वर करून वकिलांकडे पाठ केली.

“जरा खाजवा, साहेब. हात पोचत नाही.”

वकील चपापले. पण खाजवू लागले.

“तिथे नाही. डावीकडे, जरा खाली.”

“डावीकडे काहीच नाही, बाबा. उजवीकडे बघा, केवढा लाल चट्टा उठलाय! मला दिसतोय ना.” आणि वकिलांनी उजवीकडेच जोर लावला.

“बरं...” बाबा म्हणाले. “केरबा, तू ये.”

केरबानं विचारलं, “कुठं, बाबा?”

“डावीकडे, जरा खाली.”

केरबाची नखं लागली मात्र, बाबांनी डोळे मिटले. “या अल्ला! हीच जागा.”

केरबाला हसू फुटलं. हसता हसताच त्याला धीर आला.

“सायेब, बांध ऱ्हाऊ द्या तिथंच. मला माझा भाऊ पायजे. जमत नसंल तर वकीलपत्र माघारी द्या.”

वकिलांनी आपल्याच नखांकडे पाहिलं आणि ते एकदम पोट धरून हसत सुटले. कोर्टात त्यांना असं हसताना कुणी कधी पाहिलं नव्हतं.

“चल, सुट्टी संपायच्या आत तडजोड लिहू. भाऊ कुठाय तुझा?”

“लिंबाखाली बसलाय. भाकरीला हात न्हाई लावला अजून.”

केरबा पळतच सुटला. वकील अर्धा रस्ता गेले, थांबले आणि परत आले. सवय कुठे जाते!

“पण बाबा, उजवीकडे चट्टा खरंच आहे हो.”

बाबांनी सदरा खाली ओढला.

“असेल की. तिथे खाजत नाही.”