मुलींचं गेट आणि सागवानी खुर्ची

एका विद्यापीठात एक भोळी मुलगी होती. तिचं नाव वर्षाराणी, आणि दुर्दैवाने ती मीच.

मला पहिल्यांदा खटकली ती गोष्ट अगदी बारीक होती. ग्रंथालयाच्या वाचनकक्षात संध्याकाळी साडेसहाला शिपाई लोखंडेकाका पितळी घंटा वाजवायचे. घंटा झाली की सगळ्या मुली उठायच्या. मुलं आमच्या रिकाम्या खुर्च्यांवर पाय ठेवून पुढचं पान उलटायची. कारण मुलींच्या वसतिगृहाचं गेट सातला बंद. मुलांच्या वसतिगृहालाही गेट होतं, पण ते बंद झालेलं कुणी पाहिलं नव्हतं.

ग्रंथालय साडेआठपर्यंत उघडं असायचं. जाडी पुस्तकं खोलीवर न्यायला बंदी. त्यामुळे अर्थशास्त्रातली मागणी मला पाठ होती, पण पुरवठा येत नव्हता. पुरवठा घंटेनंतर यायचा.

हे सगळं मी मनातल्या मनात म्हणायचे. मोठ्याने म्हणायची छाती नव्हती. मी कुकरच्या शिट्टीलाही दचकते. शिट्टी होणार हे माहीत असतानाही.

एकदा वसतिगृहात सभा झाली. महिला कक्षाच्या प्रमुख धायगुडे मॅडम म्हणाल्या, "गेट नऊपर्यंत उघडं राहावं म्हणून समितीत बोलायला एक मुलगी हवी आहे. जी तयार असेल तिने उभं राहावं."

तेवढ्यात माझ्या खांद्यावर पाल पडली. मी उभी राहिले. टाळ्या पडल्या. पाल निघून गेली आणि मी प्रतिनिधी झाले.

पहिल्या बैठकीआधी मॅडमनी मला बजावलं, "हे बघ, तिथे सगळी मोठी माणसं असतात. मिळमिळीत राहिलीस तर चहा पाजून परत पाठवतील. कुलसचिव साहेबांचं बोलणं संपलं रे संपलं, की उठायचं आणि ठणकावून सांगायचं, आम्हाला हे मान्य नाही."

मी म्हटलं, "बरं."

बैठकीत कुलसचिव हिंगमिरे साहेबांनी घसा खाकरला. "मुलींचं म्हणणं रास्त वाटतं मला. गेट नऊपर्यंत उघडं ठेवू या."

त्यांचं बोलणं संपलं. मी उठले. "आम्हाला हे मान्य नाही."

साहेबांनी चष्मा काढला. "नाही?"

"अजिबात नाही."

"मग राहू दे सातच," म्हणून साहेबांनी बिस्कीट चहात बुडवलं.

बाहेर आल्यावर मॅडमनी कपाळाला हात लावला. "अगं बये, ते आपल्याच बाजूने बोलत होते. मुलींच्या भल्यासाठी कुणी निर्णय घेतला की आभार मानायचे, टाळ्या वाजवायच्या. एवढंही कळत नाही?"

मी म्हटलं, "बरं." आता कळलं होतं.

दुसऱ्या बैठकीत वसतिगृहाच्या वॉर्डन सुरवसे बाई बोलायला उठल्या. "मुलींच्या भल्यासाठी आम्ही निर्णय घेतला आहे. गेट यापुढे साडेसहालाच बंद. ग्रंथालयातली घंटा सहाला."

मी टाळ्या वाजवल्या. एकटीनेच वाजवल्या, म्हणून जरा जास्त वेळ वाजवल्या. मग उठून सर्व मुलींच्या वतीने आभारही मानले. कुणीतरी फोटो काढला. तो सूचनाफलकावर लागला, खाली ओळ होती, 'विद्यार्थिनींकडून निर्णयाचं उत्स्फूर्त स्वागत'. फोटोत मी चांगली आले आहे. आईने तो घरी फ्रेम करून लावला.

त्या दिवशी मेसमध्ये मला कुणी लोणच्याची बरणी सरकवली नाही. माझ्या खोलीत राहणारी आरिफा म्हणाली, "तुझ्यापेक्षा पालीला पाठवायला हवं होतं. ती निदान गप्प बसली असती."

मॅडम मात्र अजून धीराने घेत होत्या. "टाळ्या पिटण्याआधी एक प्रश्न विचारायचा, वर्षाराणी. हे मुलांना आहे का? मुलांना नसेल तर आम्हालाही नको. समानता म्हणजे दुसरं काय असतं?"

मी म्हटलं, "बरं." हे तर फारच सोपं होतं.

तिसऱ्या बैठकीत साहेब जरा लाजत, टेबलाकडे बघत म्हणाले, "मुलींच्या वसतिगृहात ते सॅनिटरी पॅडचं यंत्र बसवायचं ठरतं आहे."

मी हात वर केला. "मुलांच्या वसतिगृहात आहे का?"

साहेबांनी टेबलावरचा कागद उलटून पाहिला.

"नाही," साहेब म्हणाले.

"मग आम्हालाही नको."

साहेब सुरवसे बाईंच्या कानाशी लागले, पण मला ऐकू आलं. "मुलगी स्वाभिमानी आहे हो."

त्या दिवशी धायगुडे मॅडम बराच वेळ पायरीवर बसून राहिल्या. चिडल्या नाहीत, त्याचीच मला जास्त भीती वाटली. शेवटी लहान पोराशी बोलावं तशा सावकाश म्हणाल्या, "आता तू काही करू नकोस. समितीतल्या एकाही माणसाशी बोलू नकोस. काहीही करावंसं वाटलं तर आधी मला फोन कर. मी उचलेपर्यंत बसल्या जागेवरून हलायचंसुद्धा नाही. समजलं?"

मी म्हटलं, "बरं."

दुसऱ्या दिवशी वाचनकक्षात सहाची घंटा झाली. मुली उठल्या. मीही उठणार होते. मग आठवलं, उठणं म्हणजेसुद्धा काहीतरी करणंच की. मी मॅडमना फोन लावला. रिंग वाजत राहिली. मी बसून राहिले.

"ताई, घंटा झाली," लोखंडेकाका म्हणाले.

"मला हलता येत नाही, काका. फोन उचलला जाईपर्यंत नाही."

दारापर्यंत गेलेल्या मुली थबकल्या. प्रतिनिधी बसली म्हणजे वरून काहीतरी ठरलं असणार, असं त्यांना वाटलं. एक परत येऊन बसली, मग दुसरी, मग सगळ्याच. आरिफा माझ्या शेजारी बसून कुजबुजली, "आधी सांगायचंस ना. चिवडा तरी आणला असता."

लोखंडेकाका साहेबांना सांगायला गेले. साहेब आले, मागून सुरवसे बाई आल्या. दोघंही समितीतले. मी तोंड मिटून घेतलं.

"काय मागणी आहे तुमची?" साहेबांनी विचारलं.

मी पुन्हा फोन लावला.

"कुणाला लावताय? वर्तमानपत्राला?"

भीतीने मला उचकी लागली.

"मंत्रालयात?"

उचकी वाढली. साहेबांनी रुमालाने मान पुसली. "बरं, आठला बंद करू गेट."

रिंग वाजत होती.

"साडेआठ?"

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"ठीक आहे, नऊ. पण ऐकून ठेवा. नऊला गेट बंद झाल्यावर एक जरी मुलगी बाहेर सापडली, तर पुन्हा साडेसहा. मग माझ्याकडे यायचं नाही." त्यांनी तिथल्या तिथे लिहून दिलं, सही केली आणि निघून गेले.

मुलींनी टाळ्या वाजवल्या, पण हळू, कारण ग्रंथालय होतं. मग सगळ्या वाचायला बसल्या. कुणाच्या खुर्चीवर कुणाचे पाय आले नाहीत. मी एका हाताने फोन धरून पुरवठ्याचं प्रकरण उघडलं. वाटलं होतं तेवढं अवघड नाही ते.

साडेआठला ग्रंथालय बंद झालं. मुली गेल्या. मी बसून होते. लोखंडेकाका कुलूप हातात घेऊन माझ्याकडे बघत होते. बऱ्याच वेळाने आरिफा चार-पाच जणींना घेऊन धापा टाकत आली.

"अगं, ऊठ."

"बसल्या जागेवरून हलायचं नाही म्हणाल्यात मॅडम."

"नऊ वाजत आलेत, वर्षे. तुझ्या एकटीपायी सगळ्यांचं गेट जाईल."

"लावतेय ना फोन."

आरिफाने डोळे मिटून घेतले. मग विचारलं, "तुझी बसली जागा कोणती? ही खोली, की ही खुर्ची?"

मी नीट विचार केला. "खुर्ची."

"उचला गं हिला."

सागवानी खुर्ची, रुंद हातांची. चौघींनी ती माझ्यासकट उचलली. लोखंडेकाका टॉर्च घेऊन पुढे. "उद्या परत पाहिजे हं, ग्रंथालयाची आहे." कट्ट्यावरची मुलं उठून उभी राहिली. एकाने हात जोडून विचारलं, "नवसाला पावते का?"

"अजून तरी नाही," आरिफा म्हणाली.

वसतिगृहाचं मोठं गेट लावलेलं होतं. त्यातला लहान दरवाजा तेवढा उघडा होता आणि आत सुरवसे बाई घड्याळ बघत उभ्या होत्या. पुढच्या दोघी आत शिरल्या. खुर्ची अर्धी शिरली आणि अडकली. पुढे जाईना, मागे येईना. मागच्या दोघी आणि आरिफा बाहेरच.

नऊ वाजले. बाईंनी दरवाजा ओढला. तो खुर्चीच्या हाताला आपटला. पुन्हा ओढला, पुन्हा आपटला.

"ही मुलगी आत आहे की बाहेर?"

"पाय आत आहेत, बाई," आरिफा बाहेरून म्हणाली.

"आणि तुम्ही? नऊ वाजून गेले."

"पण गेट कुठे बंद झालंय? साहेबांनी गेट बंद झाल्यावर असं लिहिलंय."

बाईंनी हातातला साहेबांचा कागद वाचला. पुन्हा वाचला. मग माझ्याकडे वळल्या. "ए, तू खाली उतर आधी."

बाई समितीतल्या. मी काही बोलले नाही. उचकी तेवढी दिली.

आणि कानाजवळची रिंग थांबली.

"हॅलो," मॅडम म्हणाल्या. "अगं, बसमध्ये होते, फोन पिशवीच्या तळाशी गेला होता. एवढे फोन? काय झालं?"

आरिफा अंधारातून जिवाच्या आकांताने खुणा करत होती, बोलू नको, बोलू नको. पण मॅडमना विचारायला तर परवानगी होती. मी घसा साफ केला.

"मॅडम, सहाची घंटा झालीये. उठू का?"