तान्हूचा मुका चुडा

एकदा काय झालं, तान्हूनं दोन्ही हातांत हिरवा चुडा भरला, आणि तो वाजलाच नाही. तिनं हात हलवला. झटकला. अंहं! तान्हू मुळातच भित्री. पाल चुकचुकली तरी आईला बिलगायची.

ही तान्हू कोण, तर आठ दिवसांवर लग्न आलेली मुलगी. आत्याबरोबर बस्ता बांधायला, म्हणजे लग्नाची खरेदी करायला, बावन्न वेशींच्या नगरात आली होती. आणि नगर तरी कसं! थोरली वेस एवढी उंच, की खालून अंबारीसकट हत्ती जाईल आणि वर कबुतरांना माड्या उरतील. चौकात दगडी कमळ, त्यातून पाणी उडतंय. अत्तराच्या गल्लीतून नुसतं चालत गेलं तरी पदराला आठ दिवस वास राहायचा, बरं का!

त्या वेशीतल्या कोनाड्यात नगराची आई बसलेली. आत्यानं सकाळी तिथंच तान्हूच्या हातात पुडी दिली होती. म्हणाली, "आधी आईला हळदकुंकू वाहा, मगच बाजार. हे नगर फार मानी आहे बाई." तान्हूनं पुडी पदराला बांधली. पण समोर बांगड्यांची दुकानं लखलखली, आणि गेली की ही धावत!

म्हणून चुडा मुका. पण हे तिला कुठं ठाऊक?

"मामा, हा वाजत का नाही हो?" तिनं कासाराला विचारलं.

"चाळीस वर्षं बांगड्या भरतोय मी," कासारमामा म्हणाले. "माझी बांगडी मुकी नसते, पोरी. तूच काहीतरी विसरलीयस."

तान्हू आत्याला विचारायला मागं वळली. तर मागं आत्याच नाही!

मग ती हाका मारत पैठण्यांच्या पेठेत गेली. तिथं काय थाट! जांभळ्या पैठणीच्या पदरावर बारा मोर, पिसारे फुलवून उभे. एवढ्या भीतीतसुद्धा तिला राहवेना. तिनं पदर हळूच खांद्यावर घेतला. त्याबरोबर बाराच्या बारा मोर पाठ फिरवून बसले.

"अगं बाई, रुसले की तुझ्यावर!" विणकरीणबाई म्हणाल्या. "आणि हाका कुणाला मारतेस एवढ्या? ओ येत नाही वाटतं? मग जपून हो. दिवेलागणीला वेस मिटते. ज्याच्या हाकेला ओ नाही, त्याला ती बाहेर सोडत नाही."

तान्हूनं पैठणीचा पदर घाईनं खाली ठेवला. दारात मांडव पडलाय, आई वाट बघतेय, आणि आपण इथंच राहायचं?

मग ती बारवेवर गेली. सात मजले खोल, पायरी-पायरीवर दगडी हंस. एका हाकेला सात वेळा ओ देणारी बारव ती! तान्हू कठड्यावरून वाकली. "आत्याऽऽ!" बारव गप्प. पारवेसुद्धा गप्प.

मग तान्हू मटकन खाली बसली. रडू आलं, म्हणून डोळे पुसायला पदर घेतला, तर गालाला काय टोचलं? गाठ! पुडीची गाठ!

मग काय, निघाली धावत. अत्तराची गल्ली गेली, दगडी कमळ गेलं. ऊन भिंतीवरून वर सरकत होतं. वेशकरी दार ढकलायला लागलाच होता.

"थांबा हो, दादा!"

घाईघाईनं तिनं पुडी सोडली. अर्धं कुंकू तिच्याच लुगड्यावर सांडलं. उरलेलं तिनं आईच्या कपाळी लावलं आणि म्हणाली, "चुकले गं आई. तुझं नगर एवढं देखणं, की ते बघता बघता तुलाच विसरले."

किणकिण! चुडा वाजला. लांब पेठेत मोर केकाटले. तान्हूनं छाती भरून श्वास घेतला आणि हाक मारली, "आत्याऽऽ!"

"ओऽऽ!"

अगदी कानाशी, बरं का! "अगं, ओरडतेस काय? सकाळपासून तुझ्या मागंच आहे मी. ओ देऊन देऊन घसा बसला माझा!"

मग दोघी बाहेर पडेपर्यंत वेस उघडीच राहिली, लग्नही झालं आणि सगळे सुखात नांदले. आता डोळे मिटा, मी दिवा बारीक करते आणि एकेकाला हाक मारते. ओ मात्र कुणी द्यायची नाही हं.